तितर धरणारा नागोराव

लोह्याजवळच्या आमच्या गावचा नागोराव तरुणपणी तितर धरायचा. आता बंदी आहे, पण गोष्ट तो अजून सांगतो. पाळलेला तितर पिंजऱ्यात घालून रानात ठेवायचा आणि भोवती घोड्याच्या केसांचे फासे मांडायचे. पाळलेला ओरडला की रानातला चिडून भांडायला येतो आणि फाशात पाय अडकवून घेतो. "दाण्याच्या लोभानं न्हाई, रागानं सापडतो बघा," असं तो पोरांना बजावतो.

हाच शहाणा, बांधापलीकडून थोरल्या भावानं नुसता आवाज दिला की भरल्या ताटावरून उठायचा. बांध कुणी कोरला, यावर दोघं अर्धा जन्म भांडले. बायको सिंधू म्हणायची, "निघाला आमचा तितर!" आम्हीही हातातलं काम टाकून ऐकायचो, खोटं कशाला बोलू, लई करमणूक व्हायची.

दिवाळीनंतर त्या भावाचे गुडघे गेले आणि लेकानं त्याला कायमचं नांदेडला नेलं. नागोराव आता ताटावरून उठत नाही, पण त्याला जेवणही जात नाही.

परवा तो बांधावर एकटाच उभा राहून ओरडत होता, "ये दादा, बांध कोरून राहिलो बघ! ये की!" हातात कुदळसुद्धा नव्हती.

मी म्हटलं, "काय नागोराव, आज पिंजऱ्यात तूच का?"

तो हसला नाही. बांधावर टेकला आणि म्हणाला, "घसा बसला रे. जरा तू हाक मार."