वाढत्या अंगाची पँट

माझी उंची पाच फूट दीड इंच. होती. बायोडेटात मात्र पाच फूट पाच. मधला साडेतीन इंचांचा खड्डा आईनं एका बैठकीत बुजवला होता, तोही चहा पिता पिता. "लिहायला काय लागतंय? सगळेच वाढवून लिहितात की," असं तिचं म्हणणं. वर मला ताकीद, "तू फक्त ताठ बस." बसेपर्यंत सगळं झकास असतं हो. घोळ होतो तो उभं राहिल्यावर.

आमच्याकडं बघण्याचा कार्यक्रम म्हणजे पोहे, चहा, चार प्रश्न, आणि निघता निघता कुणीतरी एक मावशी हमखास म्हणणार, "दोघं जरा शेजारी उभे राहा की. जोडा कसा दिसतोय बघू." ही पद्धत ज्यानं काढली त्याला एकदा गाठून चार शब्द सुनवायचेत मला. तासभर खुर्चीत बसून कमावलेली इज्जत त्या अर्ध्या मिनिटात मातीत जायची. पाचव्या ठिकाणी असंच झालं. मुलगी माझ्यापेक्षा दोन बोटं उंच. ती उठली, माझ्याकडं ओझरतं बघितलं, शेजारी येऊन उभी राहिली, आणि चक्क माझ्याएवढीच दिसायला लागली. मावशी खूश, आई खूश. पण मी कपड्यांच्या धंद्यातला माणूस. माझी नजर गेली खाली. तिच्या साडीच्या निऱ्या जमिनीवर येऊन दुमडल्या होत्या. म्हणजे बाईसाहेबांनी साडीच्या आत गुडघे वाकवले होते.

हसली असती तर चाललं असतं. तोंडावर नकार दिला असता तरी चाललं असतं. पण माझी कीव येऊन तिनं गुडघे वाकवले, यानं माझं डोकंच फिरलं. परतताना रिक्षात आई म्हणत होती, "पोरगी समजूतदार हाय बघ." मी मोबाईल काढला आणि उंची वाढवायचं ऑपरेशन कुठं करतात ते शोधायला लागलो. इस्तंबूलमध्ये करतात असं कळलं, मग पुढचे आठ दिवस दुकानाच्या कॉम्प्युटरवर तेच वाचत बसलो. घरासाठी म्हणून दहा वर्षं बाजूला ठेवलेलं सगळं त्यात जाणार होतं. जाऊ दे म्हटलं, बुटका माणूस घर बांधून तरी काय करणार, फळीवरचे डबे स्टुलावर चढूनच काढणार.

अडचण एकच होती. आप्पा.

आमचा शाळेच्या गणवेशांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे बारा मशीन, एक लांब कटिंग टेबल, पुढं दुकान, आणि गळ्यात टेप अडकवलेले माझे वडील. गिऱ्हाइकाचं नाव आप्पांच्या ध्यानात राहत नाही. माप राहतं. रस्त्यानं जाणाऱ्या सद्गृहस्थाकडं बघून म्हणतील, "हा बघ, चौतीस-चाळीस चाललाय. पोट वाढलंय, पण कबूल करत न्हाय." त्यांची आणि माझी उंची दोऱ्याचाही फरक नाही अशी सारखी. घरात आमच्या पँटी एकाच खुंटीला, ज्याच्या हाताला जी लागेल ती त्यानं चढवायची. दुकानात आलेल्या प्रत्येकाला सांगायचे, "पोरगं माज्यावर गेलंय," आणि सांगताना छाती दोन इंच पुढं.

आता अशा माणसाला कुठल्या तोंडानं सांगायचं, की आप्पा, तुम्ही दिलेलं माप मला पसंत नाही, तिकडं जाऊन बदलून आणतो? खोटं नाही सांगत, दोन्ही पायांची हाडं तोडून घ्यायची मला तेवढी धास्ती नव्हती. धास्ती होती ती आप्पांचा चेहरा पडेल याची. तो मला बघवला नसता.

म्हणून थाप ठोकून दिली. तुर्कस्तानात एम्ब्रॉयडरी मशीनचं चार महिन्यांचं ट्रेनिंग आहे. शाळांचे बॅज आम्ही बाहेरून भरून आणायचो, त्यामुळं थाप चपखल बसली. आप्पा म्हणाले, "नीट शिकून ये. बॅज घरात झालं तर लई बरं हुईल." आईनं कडक भाकऱ्यांची चवड आणि दोन किलो शेंगाची चटणी बांधून दिली, जणू तुर्कस्तानात दुष्काळच पडलाय. मला लाज वाटली. पण चटणी घेतली.

ऑपरेशन कसं असतं ते थोडक्यात सांगतो, जेवत असाल तर पुढच्या ओळी सोडा. दोन्ही नडग्यांची हाडं मधोमध कापतात. आत सळई, बाहेरून पायाभोवती लोखंडी कडी, आणि कड्यांतून हाडापर्यंत गेलेल्या तारा. आठवड्यानं एक पाना हातात देतात. दिवसातून चार वेळा तो पाव पाव फिरवायचा. सबंध दिवसाची कमाई एक मिलिमीटर. हाडाच्या दोन तुकड्यांत तेवढी फट पडते आणि ती भरायला शरीर नवीन हाड तयार करतं. माणसाच्या शरीराचा भाबडेपणा बघा, त्याला वाटतं अपघात झालाय.

दुखायचं. लई दुखायचं. हाड वाढतं, पण पोटरीला कुणी विचारलेलं नसतं. ती बिचारी आखडून बसते आणि मग व्यायाम घेणारी धिप्पाड बाई पाऊल धरून वर ढकलते. मी सोलापुरी शिव्या मोकळ्या सोडायचो. तिला वाटायचं मी देवाचं नाव घेतोय, ती आदरानं मान डोलवायची. शेजारच्या खाटेवर साडेपाच फुटी गडी होता. साडेपाच फूट! त्याच्याकडं बघून माझ्या डोक्यात तिडीक जायची. अरे, एवढ्या उंचीत आमच्या गल्लीत तुला लोकांनी लाइटचे बल्ब बदलायला बोलावलं असतं.

घरी व्हिडिओ कॉल छातीपासून वरच. ट्रेनिंग खरं वाटावं म्हणून दुसऱ्या मोबाईलवर मशीनचा आवाज लावून उशीखाली ठेवायचो. एकदा आप्पा कान देऊन ऐकत राहिले आणि म्हणाले, "मशीन लई खडखडतंय रे. तेल घालाय सांग की त्यास्नी." मी म्हटलं, सांगतो.

आणि मग मी माती खाल्ली. त्या कड्यांवरून साधी पँट चढत नाही. तिथं खास पँटी मिळत होत्या, दोन्ही बाजूंनी वरपासून खालपर्यंत उघडणाऱ्या. एक हातात घेऊन उलटी केली आणि माझं टाळकंच सरकलं. काय ती शिवण! टाके इतके लांब की आमच्या पोत्याला बरे असतात. कडा तशाच सोडलेल्या, दोरे लोंबताहेत. पाय तोडून घेतले होते, पण असली पँट घालायची? आपल्या घरात बारा मशीन असताना? माझ्यानं होईना.

आप्पांना फोन लावला. म्हटलं, इथल्या एका हॉस्पिटलची सॅम्पल ऑर्डर आहे, सहा पँटी, दोन्ही बाजू उघड्या, बुटाला असते तसली चिकटपट्टी लावायची, गुडघ्याखाली घेर मोठा. इथवर डोकं ठिकाणावर होतं. आप्पा म्हणाले, "माप पाठीव." आता जगातलं कुठलंही माप पाठवता आलं असतं. पण उंचीबद्दल, ट्रेनिंगबद्दल, मशीनबद्दल बेधडक खोटं बोललेला मी, कटिंगला खोटं माप पाठवायला धजेना. लहानपणापासून अंगात भिनलेलं आहे ते. माप चुकलं की कापड गेलं. कंबर सव्वाएकतीस, सीट साडेछत्तीस, लांबी साडेछत्तीस, सगळं स्वतःचं लिहिलं. वर टीपही दिली, की उजवी मांडी अर्धा इंच जास्त धरा. पृथ्वीवर एवढा गाढव दुसरा नसेल.

पार्सल आलं. सहा पँटी, इस्त्री केलेल्या, मधे कागद घालून. काज-बटण, चिकटपट्टी, सगळं देखणं. एक पँट पायावर पसरली आणि खालच्या कडेला हात लागला, तर कापड जाड लागलं. उलटून बघितलं. आत तीन इंच कापड दुमडून ठेवलेलं आणि त्यावर कच्ची शिलाई.

ही दुमड आम्ही फक्त शाळेच्या पँटींना ठेवतो. पोरगं वर्षभरात वाढतं, मग आई ती कच्ची शिलाई उसवते आणि पँट आणखी एक वर्ष चालते. वाढत्या अंगाचं म्हणतो आम्ही त्याला. मोठ्या माणसाच्या पँटीला असली दुमड आप्पांनी चाळीस वर्षांत ठेवली नव्हती. सहाच्या सहा पँटींना होती.

दिवसभर फोन करायचा धीर झाला नाही. शेवटी त्यांचाच आला.

"पँटी मिळाल्या का गिऱ्हाइकाला?"

"मिळाल्या."

"बसल्या का बराबर?"

"बसल्या आप्पा."

मग म्हणाले, "दुखतंय का लई त्याला?"

"कमी होत चाललंय."

"टायमाला जेवाय सांग त्याला," म्हणाले आणि फोन ठेवला. मी उशीत तोंड घालून रडलो. शेजारच्या साडेपाच फुट्यानं बेल दाबून नर्सला बोलावलं, त्याला वाटलं माझी तार सटकली.

चौसष्ट दिवसांत अडीच इंच झाले. पाच फूट चार. बायोडेटापेक्षा अजून इंचभर कमीच, पण पाना ठेवून दिला. आणखी काही आठवड्यांनी कडी निघाली आणि दोन कुबड्यांवर मी घरी आलो. आईसाठी जिन्यावरून पडल्याची गोष्ट तयार होती. ती म्हणाली, "एकदम दोन्ही पाय कसं मोडलं रे?" मी तोंड उघडायच्या आधी आप्पाच म्हणाले, "जिना दोन्ही पायांनी उतरतात. त्याला आत येऊ दे आदी." आईनं मला खालवर न्याहाळलं आणि शेजारणीला सांगितलं, "तिकडचं पाणी मानवलं बघा, अंगानं कसा सुटलाय."

आप्पा मात्र त्या विषयावर चकार शब्द काढेनात. रोज सकाळी तेल कोमट करून माझ्या उशाशी ठेवायचे आणि दुकानात निघून जायचे. खुंटीवरच्या माझ्या पँटी त्यांनी परस्पर वेगळ्या केल्या. मी कुबड्या सोडून दुकानात बसायला लागलो तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. गिऱ्हाईक यायचं, माझी चौकशी करायचं, आप्पा बोलायचेही. पण "पोरगं माज्यावर गेलंय" हे वाक्य आता त्यांच्या तोंडून येत नव्हतं. मी मुद्दाम मोजत होतो. महिना झाला, एकदाही नाही. म्हणजे लागलंय, असं मी धरून चाललो. मला तोंड वर करून त्यांच्याकडं बघवेना, आणि आता तर मला त्यांच्याकडं बघायला मान खाली करावी लागत होती, ते त्याहून वाईट.

एका दुपारी कामगार जेवायला गेले होते. आप्पा म्हणाले, "हिकडं ये. उबा ऱ्हा." कटिंग टेबलापाशी उभा राहिलो. ते खाली बसले, कंबरेपासून घोट्यापर्यंत टेप लावली, अंगठ्यानं दाबून आकडा बघितला.

"अडीच."

"हो."

"माप आलं तवाच कळलंतं मला. आन् त्या आदी दुकानाच्या कॉम्प्युटरवर काय काय बगून ठिवलंतंस, ते समदं तितंच हुतं की. बंद तरी करायचं."

मी कपाळाला हात लावला. मग म्हटलं, कधीतरी बोलायचंच होतं. "आप्पा, वाईट वाटलं का? म्हणजे तुमच्यावर गेलोय म्हणून तुम्ही सगळ्यांना..."

आप्पा टेप बोटाभोवती गुंडाळत होते. "तुजी आई माज्यापेक्षा दोन बोटं उच्ची," म्हणाले. "लगनात फोटोवाल्यानं मला पाटावर उबं केलं. पाट दिसू नये म्हणून तिनं शालू म्होरं पसरला. मांडवात समदी खीखी हसत हुती. मी बी हसलो. काय करतोस." टेप पूर्ण गुंडाळून झाली होती, ती त्यांनी सोडली आणि परत गुंडाळायला घेतली. "तू जलमलास तवा देवाला म्हणलं, पोरगं आईवर जाऊ दे. न्हाय गेलं. मग आपलं छाती काढून सांगत सुटलो. तुला कमी वाटू नये म्हणून."

मी टेबलावरचे दोरे झाडत राहिलो.

त्यांनी दाराकडं बघितलं. कुणी येत नव्हतं. आवाज खाली घेऊन, मला कधी विचारत नाहीत अशा सुरात त्यांनी विचारलं, "माज्या वयाला करत्यात काय रे?"

मला वाटलं मस्करी करताहेत. त्यांच्याकडं बघितलं. मस्करी नव्हती. चौसष्ट वर्षांचा माणूस कान देऊन उत्तराची वाट बघत होता. एवढ्या थापा मारल्या होत्या मी, त्यात आणखी एक मारायला हवी होती. नेमकी तेव्हाच सुचली नाही.

"नाही करत आप्पा," म्हणालो. "या वयात हाड भरत नाही."

"असं व्हय," म्हणाले. आणि इतके महिने मला ज्याची धास्ती होती, तसाच त्यांचा चेहरा पडला.