अध्यक्षांच्या दारातली अडगळ

आमचे बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, प्रश्नाला प्रश्नानेच उत्तर देत. चौथीत शाळा सोडून मी घाटावरून चांद्याला आलो, तेव्हा त्यांनीच मला नगरपालिकेत शिपाई म्हणून लावून घेतलं. त्यामुळे ते सांगतील ते मी करी.

त्या वर्षी रस्त्याकडेची मोडकी अडगळ उचलायचा ठेका निघाला. एका गाडीवानाकडे बैलगाड्या होत्या, तर अध्यक्षांच्या साळ्याकडे फक्त अध्यक्ष. अर्थात साळ्याचंच नाव पक्कं झालं.

दुसऱ्या दिवशी बडेबाबूंनी मला बाजारातल्या कुजक्या गाद्या आणि धान्याच्या फुटक्या ढोल्या अध्यक्षांच्याच दारात रचायला लावल्या. अध्यक्ष ओरडत बाहेर आले. नोकरी गेलीच, असं मला वाटलं.

बडेबाबू पानाला चुना लावत म्हणाले, "काऊन जी, ठेका तुमच्या साळ्याले देल्ला ना? मंग ते उचलणार नाईत का?"

आरडाओरडा ऐकून आलेला साळा गादीतले ढेकूण पाहून मागे सरला. "माह्यापाशी गाडी कुठी आहे, भाऊजी?"

ऊन चढलं, वास माजघरात शिरला, तसा अध्यक्षांनी स्वतःच गाडीवानाला बोलावून ठेका दिला.

मी हुश्श करतो तोच बडेबाबू माझ्या कानाशी वाकले. "पाहून काय राह्यला? पळ, माह्या घरची मोडकी खाटही घेऊन ये."