पालथी टोपली

जपानमधल्या नागानोच्या डोंगरातल्या त्या दुकानात सोबा, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया, तोमिए लग्न होऊन आली तेव्हापासून तीच लाटत होती. नवरा गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांशी गप्पा हाणी. तो गेला तेव्हा आता दुकान बंद पडणार, असे गावाने ठरवूनच टाकले. तोमिएने सुतक संपायची वाट न पाहता दुकान उघडे असल्याची खूण म्हणून दारावर पडदा टांगला.

यंदा पीठ महागले. मुलगा योशिताका शहरातून तोडगा घेऊन आला. शेवया वाढायची बांबूची टोपली त्याने पालथी घातली. तिच्या फुगीर पाठीवर थोड्याशा शेवयांचाही ढीग दिसू लागला.

"भाव तोच आणि टोपली भरलेली. कोणाला कळतंय, आई?"

"आणि कुणी विचारलं तर?"

"सांगायचं, पाणी चांगलं निथळतं. ते काही खोटं नाही."

तोमिएला पटले नाही. पण महिना तोट्याचा होता, तिने पालथ्या टोपल्यांतच वाढायला घेतले.

दुपारी छपरे शाकारणारा म्हातारा कुराशिना आला. नेहमीसारखा सुर्र सुर्र करत जेवू लागला आणि थोड्याच घासांत त्याच्या काड्या बांबूवर खरडल्या. त्याने टोपली उचलून खालून पाहिली, परत ठेवली. तोमिए शेवया उकडलेले गरम पाणी घेऊन आली. ते शेवया बुडवून खायच्या वाटीतल्या उरलेल्या रश्शात ओतून सावकाश प्यायचे, चार गोष्टी बोलायच्या आणि मग उठायचे, ही तिथली रीत.

"राहू दे," कुराशिना उठला. "उरलेलं पोट पाण्याने भरायला मी काय बैल आहे?"

पैसे ठेवून तो निघूनही गेला. शेजारचे पर्यटक हसले. तोमिएचे कान तापले. पर्यटक बर्फ पडला की फिरकत नाहीत. हिवाळाभर दुकान जगते ते कुराशिनासारख्यांवर. ती माणसे तुटली की पडदा उतरवायचाच.

तिने भरल्या दुकानात टेबलाटेबलावरच्या टोपल्या उचलल्या, सुलट्या केल्या आणि काठोकाठ भरून परत नेऊन ठेवल्या.

"आई, लोक बघतायत!"

"बघू देत. भाव वाढवायचा तर पाटीवर लिहून वाढवीन. टोपलीखाली लपवून नाही."

"गिऱ्हाईक जाईल."

"महाग म्हणून गेलं तर शिव्या देत परत येईल. चोर म्हणून गेलेलं येत नाही."

दुसऱ्या दिवशी नवा भाव तिने जाड कुंचल्याने लिहिला आणि पाटी रस्त्यावरून दिसेल अशी लावली. दुपारी कुराशिना पाटीसमोर थांबला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात वाचू लागला.

"काय गं तोमिए, सोनं किसून घालतेस का?"

"पीठ महागलंय. टोपली सुलटी आहे. परवडत नसेल तर घरी सुनेच्या हातचं खा."

"ते खाण्यापेक्षा हे परवडलं," म्हणत त्याने पडदा बाजूला सारला.

योशिताका हाताची घडी घालून उभा होता.

"बघतोस काय नुसता?" तोमिए म्हणाली. "पाणी उकळतंय. सोड शेवया. आणि मूठ आखडू नकोस."