फर्माइशीचा कोयता

आमच्या वाचनालयाच्या वर्धापनदिनाला आलेला गायक फर्माइशीवर जागच्या जागी गाणं रचायचा. एकाने वस्तू सांगायची, दुसऱ्याने सभागृहातल्या कुणाचं तरी नाव. पहिलं गाणं छत्रीचं आणि पोस्टमनकाकांचं झालं. सगळे पोट धरून हसले. मग मागून कुणीतरी म्हणालं, "कोयता." आणि पाच-सहा घशांतून एकदमच नाव आलं, "दिनकर."

दिनकर ग्रामपंचायतीत आहे. वरून हुकूम आला म्हणून भर उन्हाळ्यात त्याने निम्म्या गावाचे नळ तोडले होते.

गायकाला यातलं काही माहीत नव्हतं. त्याने कोयत्याला धार लावली आणि दिनकरला उसाच्या फडात गाठलं. "हात तोडा," कुणीतरी ओरडलं. पुढच्या ओळीत हात तुटला. "आता मान," बायकाही म्हणू लागल्या, मान तुटली. टाळ्यांचा ठेका असा पडत होता की खुर्च्या हादरत होत्या. मीही ठेका धरला होता. माझाही नळ तुटला होता.

घाव सगळे आमचे होते, गायकाने फक्त चाल दिली. एरवी शेजाऱ्याशी आवाज चढवून न बोलणारी आम्ही माणसं. इतकं रक्त कुठे साठवलं होतं कोण जाणे.

दिनकर दुसऱ्या रांगेत बसून हसत होता. गाण्यावर माणूस चिडणार तरी कसा? त्याची बायको मात्र हसत नव्हती. तिने सगळ्यांदेखत आपला तळवा त्याच्या मानेवर ठेवला.

तो तळवा तिथे दिसत असतानाच आम्ही गाण्याला वन्स मोअर दिला.