सातवी कुपी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आणि ज्याच्या शेतावर हे सगळं घडलं त्या माझ्या सख्ख्या भावाला तर मुळीच नाही. तुम्हाला का सांगतेय? — तुम्ही मला ओळखत नाही, एवढं एकच कारण सुचतं.

मी श्रीगोंद्याच्या बाजूला एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. मुलं मला माघारी ‘लेबल मॅडम’ म्हणतात. नमुन्याच्या कुपीवर ठिकाण आणि तारीख नसेल तर मी ती परत करते, वर चार शब्द ऐकवते. अशी मी काटेकोर. आता स्वतःचंच हसू येतं, आणि ते काही चांगलं हसू नाही.

चार वर्षांपूर्वी मिरजगावकडे, भावाच्या गावातल्या शेततळ्यांत एक गोगलगाय माजली. हरभऱ्याएवढी, शंखाचं तोंड डावीकडे. आपल्या ओढ्यातल्या गोगलगायींचं तोंड बहुतेक उजवीकडे असतं. ही परदेशातून आलेली. हिची एकच आली तरी पुरते — जोडीदार नसला तरी अंडी घालते. ठिबकच्या फिल्टरमध्ये शंख अडकले, नळ्या तुंबल्या, उसाला पाणी पोहोचेना. लोक चिडले. आणि चिडलेल्या लोकांना कुणाचं तरी नाव लागतं.

नाव मिळालं दगडूमामांचं. साठीचे गृहस्थ. माशांची पिल्लं ऑक्सिजनच्या पिशव्यांत भरून टेम्पोनं तळ्यातळ्यावर पोहोचवायचे. त्यांच्या हौदातही डाव्या तोंडाचीच गोगलगाय सापडली. मग शंकेला जागा कुठे उरली?

मी नमुने गोळा केले. पाच तळ्यांतले पाच, सहावा मामांच्या हौदातला. आणि सातवा — माझ्या स्वयंपाकघरातल्या काचेच्या टाकीतला. तुलनेला असावा म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. खरंच तेवढ्यासाठी? की मला आतून ठाऊक होतं?

कारण आदल्या वर्षी त्या टाकीतल्या पाणवनस्पती फार वाढल्या होत्या. फेकून द्यायचं जिवावर आलं. भाचीला लाल मासे हवे होते. मी मासे आणि अर्ध्या वनस्पती नेऊन भावाच्या तळ्यात सोडल्या. न धुता. वर्गात दरवर्षी काय घसा फोडून सांगते मी? — आधी धुवा, तपासा, मग सोडा. भावाच्या तळ्याचं जादा पाणी ओढ्याला जातं, आणि बाकीची तळी त्याच ओढ्यावर भरतात.

जनुकांच्या तपासणीचा अहवाल आला. पाचही तळ्यांतली गोगलगाय आणि माझ्या टाकीतली — एकाच वंशाची. मामांच्या हौदातली मात्र निराळी. तिचा एकाही तळ्यात मागमूस नव्हता.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या सभामंडपात बैठक होती. अहवाल माझ्या पर्समध्ये. भाऊ पुढेच बसलेला. मामा खांबाला टेकून उभे, माझ्याकडे बघत — मी शिकलेली, मी खरं सांगेन, अशा नजरेनं. कुणीतरी विचारलं, “मॅडम, ह्यांच्याच पिशव्यातनं आली न्हवं ती?”

‘नाही’ एवढंच म्हणायचं होतं. माझं नाव घ्यायचीही गरज नव्हती. पण ‘नाही’ म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता — मग कुणाकडून? मी म्हणाले, “शक्यता नाकारता येत नाही.”

आम्ही अभ्यासक हे वाक्य दिवसातून दहादा वापरतो. त्या दिवशी ते निव्वळ खोटं होतं.

मामांकडून कुणी पिल्लं घेईना. हौद कोरडे पडले, टेम्पो विकला गेला. मी नोंदींतून सहाव्या आणि सातव्या नमुन्याच्या ओळी काढून टाकल्या — पाच नमुने, एकच वंश, उगम अज्ञात — असं लिहून दिलं. सातव्या कुपीवरचं लेबल नखानं खरवडून काढलं. मी, लेबल मॅडम.

मागच्या महिन्यात मिरजगावला हायवेवर चहाला थांबले. टपरी मामांची निघाली. मला बघून ते स्वतः उठले, बाकडं पुसलं. मी मागे फिरायला हवं होतं — बसले.

“तुमच्या भावाचं लई नुस्कान झालं माज्यामुळं,” ते म्हणाले. “माज्या ध्यानात न्हाई आलं तवा. पर इचार केला मी. माज्याच पिशवीतनं आली आसंल ती. तुमी काय उगा म्हनाला न्हाई.”

टपरीवर दुसरं कुणी नव्हतं. भाऊ नव्हता, गाव नव्हतं. चहाचा ग्लास माझ्या हातात देऊन ते उत्तराची वाट बघत उभे राहिले.

मी म्हणाले, “असेल, मामा.”