अर्धा कप तरी घ्या

चहावरच्या सायीची मला जन्मापासून शिसारी आहे. कपात ती सुरकुतलेली दिसली की मी कप, बशी आणि यजमान, तिघांनाही सोडून उठतो. अशा माणसाने तीन आठवडे बसून फक्त साय काढली. मोबाइलच्या पडद्यावर, बोट लावलं की थरथरेल अशी. या देशात कुठल्याही चित्रकाराने इतकी साय काढली नसेल, आणि काढली असेल तर तो आज माणसांत नसेल.

झालं असं. गांधीबागेच्या कापडबाजारात एका शेठची साड्यांची मोठी पेढी. काटोल, कळमेश्वर धरून गावोगावी शाखा. त्यांना मोबाइलवर साड्या विकायच्या होत्या, म्हणून अ‍ॅपचं काम आमच्या कंपनीकडे आलं. कंपनी म्हणजे एका गाळ्यात कोंबलेली नऊ डोकी आणि एक एसी, जो मे महिन्यात आमच्यापेक्षा जास्त घाम गाळायचा. मी तिथे अ‍ॅपची पानं आखायचो, तेही तात्पुरता. माझं लग्न जमलेलं होतं, पण होणाऱ्या सासऱ्यांनी बैठकीतच सांगून टाकलं होतं, "पोरगा कायम झाला की साखरपुडा. त्याच्या आधी नाव नाही काढाचं." आणि आमचे साहेब म्हणत होते, "लोकांनी या अ‍ॅपला चार तारे दिले तर तू कायम. नाही तर मोकळा." म्हणजे माझं लग्न आता साडी घेणाऱ्या समस्त बायकांच्या अंगठ्याखाली होतं.

मी जीव ओतून पहिलं पान केलं. एकच साडी, भोवती मोकळी जागा, खाली बारीक अक्षरात भाव. इतकं देखणं की मीच ते दहादा उघडून बघितलं. शेठनी तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा या गालातून त्या गालात सरकवला, चुन्याचं बोट माझ्या फोनवर टेकवलं आणि साडीच्या पदरावर पांढरा ठिपका उमटवला.

"हे काय गा? गिऱ्हाईक आलं नाही त तू डायरेक साडी दाखवून राहिला?"

"शेठजी, साड्यांचंच अ‍ॅप आहे."

"आमच्या गादीवर बाई टेकली की आधी पाणी, मंग चहा, मंग साडी. बापाच्या काळापासून बिना चहाचं कोणी गेलं नाही. याच्यात चहा कुठी हाय?"

मी हसलो. शेठ हसले नाहीत. साहेबांनी टेबलाखालून माझ्या पायावर असा पाय दिला की ती करंगळी पावसाळ्यात अजून बोलते.

तर साड्यांच्या आधी चहाचं पान आलं. वाफाळता कप, वर साय ("साय नाही त काय चहा हाय तो? गरम पाणी हाय!"), आणि खाली दोन बटणं, 'घेते' आणि 'नको'. 'घेते' दाबा नाही तर 'नको', साड्या उघडत. शेठना ते 'नको' झोंबलं.

"अरे, बाई पह्यले नकोच म्हणते! चांगल्या घरची बाई एका बारीत हो म्हणते काय? आग्रह कर तिले."

मी यंत्राला आग्रह शिकवला. 'नको' म्हटलं की अ‍ॅप म्हणे, 'असं कसं वहिनी, अर्धा कप तरी!' पुन्हा 'नको', की 'मंग थंडं?' पुन्हा 'नको', की 'राग हाय काय आमच्यावर?' त्यालाही नकार देणारी निर्दय बाई असेल तरच साडी दिसे, तोवर तिची बॅटरी आणि खरेदीची हौस दोन्ही संपलेली. आग्रहाला मी कधी घाबरलो नव्हतो. त्या महिन्यात पंगतीत 'अजून एक पोळी' ऐकलं की मी हात धुवायला पळायचो.

अ‍ॅप सुरू झालं आणि तारे कोसळले. साड्यांबद्दल कुणाची तक्रार नव्हती. बायका लिहीत होत्या, 'चहा आला नाही.' 'दोनदा हो म्हटलं, फसवणूक.' 'साखर कमी सांगायची सोय नाही.' एक तारा, एक तारा, एक तारा. साहेबांनी माझ्याकडे बघणं सोडून दिलं, सासऱ्यांनी फोन उचलणं.

मग काटोलची एक बाई सकाळच्या बसने थेट गांधीबागेत येऊन गादीवर बसली. मी तिथेच होतो. तिने फोन शेठच्या नाकासमोर धरला.

"हे पाहा. 'घेते' दाबलं मी. काल दिवसभर दाराकडे पाहून राहिली. नाही द्याचा होता त विचारलं काहून?"

शेठचा चेहरा उतरला. त्यांनी हात जोडले. "चुकलं बाई. बसा, आधी चहा घ्या."

"नको."

"असं कसं!"

माझ्या मनात फटाके वाजले. आता तरी हा माणूस ते पान काढायला सांगणार! शेठ माझ्याकडे वळले. "आपल्या घरून बाई बिना चहाची राहिली बाबू. शाखेशाखेत माणूस ठेव. बटण दाबलं की चहा निघाला पाहिजे."

आणि निघाला. बाई 'घेते' दाबे, पत्ता जवळच्या शाखेत जाई, आणि स्कूटरवर थर्मास सुटे. ऐन मे महिन्यात! थर्मास उगाच घेतले होते, नुसती किटली रस्त्याने नेली असती तरी उकळत पोचली असती. बायका सासूला, शेजारणीला, रंगाऱ्याला चहा मागवू लागल्या. साडी कुणी घेतली असेल तर नजरचुकीने. तारे मात्र भराभरा चढले, पावणेपाचला टेकले. साहेबांनी मला मिठी मारली आणि कायम केलं. मी सगळे अभिप्राय वाचून काढले, माझ्या पानाबद्दल कुणी अर्धी ओळ तरी लिहिलीय का बघायला. चहातल्या आल्याबद्दल लिहिलं होतं. वेलचीबद्दल लिहिलं होतं.

साखरपुड्याच्या दिवशी, कपाळावर कुंकू ओलं असताना शेठचा फोन आला.

"बाबू, एका बाईनं लिहिलं हाय. 'चहा फस्किलास, पण मधात साड्याचे फोटो येतेत, ते बंद करा.' पाच तारे देल्ले तिनं. होईन काय बंद?"

सासरे शेजारी बसून, कान माझ्या फोनला चिकटवून ऐकत होते.

"होऊन जाईल शेठजी," मी म्हणालो.

"कामाचा पोरगा हाय," सासरे मांडवभर ऐकू जाईल असं म्हणाले आणि माझ्या तोंडात अख्खा पेढा कोंबला. तो मला गिळवेना.

सोमवारी मी साड्या चार पानं मागे ढकलल्या. तारे अजून वाढले.