ही आमच्यातली न्हाई

त्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, आमच्या उदगीरला तेही नव्हतं. गावात बोलायला दोनच विषय होते, टँकर आणि जिल्हा. लातूरपासून तोडून उदगीर वेगळा जिल्हा करा म्हणून भांडणाऱ्यांत माझे काका पुढं होते. वडील मी लहान असतानाच गेले. मोंढ्यातली, म्हणजे धान्यबाजारातली आडत काकाच बघायचे आणि घरही त्यांच्याच शब्दावर चालायचं. त्या घरात मी हेलिकॉप्टर चालवायला शिकायचं ठरवलं.

शिकायला बसण्याआधी शिकाऊ वैमानिकाचा परवाना लागतो. त्यासाठी डॉक्टरची तपासणी, पोलिसांची चौकशी आणि तोंडी परीक्षा. शिक्षणाचा भार नायगावच्या आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी घेतला होता. काकांना मी विचारलं नाही, नुसतं सांगितलं. ते त्यांना फार लागलं.

"घरात प्यायला पानी न्हाई आन् ही आभाळात चालली," जेवताना ते आईला ऐकवायचे. माझ्याकडं बघायचेही नाहीत.

पाणी मीच भरत होते. टँकरच्या रांगेत उलट्या घागरीवर बसून मी सराव करायची. हेलिकॉप्टरला डाव्या हाताशी वरखाली होणारा दांडा, उजव्या हातात दिशेचा दांडा आणि पायाखाली दोन पेडल असतात. एक हलवलं की बाकीची सांभाळावी लागतात. मी डोळे मिटून हातपाय हलवत बसायची.

"हिला झटके यायलेत बघा," शेजारीण म्हणाली. रांग हसली, आणि त्या हसण्यात माझी दुसरी घागर कुणीतरी मागं सरकवली. मी ती उचलून पुन्हा पुढं आणून आदळली. त्यानंतर त्या रांगेत माझ्याशी कुणी बोललं नाही. मलाही बोलायचं नव्हतं.

मे महिन्यात दुष्काळाची पाहणी करायला मंत्री येणार असं ठरलं. कॉलेजच्या मैदानावर हेलिकॉप्टर उतरणार होतं. धूळ उडू नये म्हणून आदल्या संध्याकाळी मैदानावर टँकरनं पाणी मारलं. ते बघून आलेले काका ताटावर बसले, पण घासाला हात लावला नाही.

"उद्या काळे झेंडे दाखवायचे. तू म्होरं उभी राहा. पोरी म्होरं असल्या की पोलीस हात उचलत न्हाईत."

"मी येणार नाही. गुन्हा दाखल झाला तर माझा परवाना गेला."

"ज्यानं आपलं पानी मातीत घातलं, त्याचं यंत्र चालवायचं तुला?"

"यंत्र काय त्याच्या बापाचं आहे का?"

काकांनी ताट सरकवलं आणि उठले. आई मला म्हणाली, "लई वाढली तुझी जीभ."

दुसऱ्या दिवशी मी गेलेच. झेंडा धरायला नाही. इतके महिने पुस्तकं वाचत होते, पण हेलिकॉप्टर मी जवळून कधी पाहिलंच नव्हतं. कुंपणाच्या तारेला चिकटून उभी राहिले. ते खाली आलं तेव्हा छातीत धडधड शिरली. मी पंख्याकडंच बघत होते, त्यामुळं मागून घोषणा कधी सुरू झाल्या, लाठ्या कधी आल्या, कळलंच नाही. एका महिला पोलिसानं माझी वेणी धरली आणि गाडीत ढकललं.

ठाण्यात बाकावर काका आधीच बसले होते. शर्ट फाटलेला, ओठ सुजलेला. शेजारी त्यांचे आठ-दहा लोक. फौजदारानं माझं आडनाव ऐकलं आणि काकांकडं वळला.

"तुमच्याच घरची ना ही?"

काकांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"घरची हाय. पन आमच्यातली न्हाई. हिला जिल्ह्याशी काय बी देनंघेनं न्हाई. ती हेलिकॉप्टर बघायला आलती. सोडा हिला."

बाकावरची सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. त्यातल्या एकानं तोंड फिरवलं आणि खिडकीतून बाहेर थुंकला. फौजदारानं मला हातानंच जायला सांगितलं. बाकीच्यांवर गुन्हे दाखल झाले, काकांवरही.

"सगळ्यांसमोर हाकललं मला त्यांनी," घरी आल्यावर मी म्हणाले.

"सोडवलं तुला," आई म्हणाली.

यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं, आणि दोघींपैकी कुणीच मागं हटलं नाही.

पुढं परवान्याच्या चौकशीला हवालदार आला. तो घरी न येता सरळ आडतीवर गेला. मुलगी कशी आहे म्हणून त्यानं विचारलं तेव्हा काका म्हणाले, "माझं ऐकत न्हाई. बाकी खोट न्हाई तिच्यात." हे मला हमालाकडून कळलं. घरात काकांनी माझ्याशी बोलणं बंद केलं होतं.

तोंडी परीक्षा घेणारे गृहस्थ निवृत्त वैमानिक होते. माझा पत्ता वाचून म्हणाले, "तुमच्या भागात तर प्यायला पाणी नाही. हे खूळ कुठून शिरलं?" मी माझे कागद पुढं केले. मग त्यांनी ढग विचारले, वारा विचारला, नियम विचारले. शेवटी म्हणाले, "इंजिन बंद पडलं. पहिलं काय करशील?"

"डावा दांडा खाली."

"इतकी घाई कशाला?"

"उशीर केला तर पंखा मंदावतो. तो मंदावला की हातात काहीच उरत नाही."

त्यांनी पेन उघडलं. उत्तीर्ण असा शेरा मारून कागद माझ्यापुढं सरकवला.

परवाना हातात आला तेव्हा पाऊस होऊन गेला होता. जिल्हा झाला नव्हता. काका तारखांना कोर्टात जात होते. शिकायला निघायच्या दिवशी आई म्हणाली, "आडतीवर जाऊन पाया पड त्यांच्या." मी गेले. मूठभर सोयाबीन तळहातावर घेऊन काका एका शेतकऱ्याशी मालातल्या ओलीवरून वाद घालत होते. मी उंबऱ्यात उभी असल्याचं त्यांना दिसलं होतं. त्यांनी मान वर केली नाही. मीही आत गेले नाही. थोडा वेळ थांबले आणि तशीच स्टेशनकडं निघाले. राग इतका होता की गाडी सुटली तरी मी दोन्ही मुठी आवळूनच बसले होते.